लालचं हिरवं होणार नाही

हेडबाईंनी सॉफ्टवेअरची कंपनी काढली तेव्हा सगळ्यांत आधी हसले ते त्यांचे यजमान. यजमान शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. माणूस गंभीर. वर्षातून दोनदाच हसायचे, आणि त्यातलं एक हसू वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुकीसाठी राखून ठेवलेलं असायचं. उरलेलं एकुलतं एक हसू त्यांनी आपल्या कंपनीवर खर्च करावं, हे हेडबाईंच्या जिव्हारी लागलं.

“कॉम्प्युटर चालू कुठून करतात ते तरी माहीत आहे का तुला?” यजमानांनी चष्मा पुसत विचारलं.

“ते भाच्याला माहीत आहे,” हेडबाई म्हणाल्या. “कागद कुठे अडतो ते मला माहीत आहे. कंपनीला एवढं पुरतं.”

यात बढाई नव्हती. एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात एकोणतीस वर्षं काढून त्या हेडक्लार्क झाल्या होत्या, आणि हेडक्लार्कचं लोकांनी हेडबाई केलं ते कायमचंच. सख्ख्या जाऊबाईसुद्धा त्यांना हेडबाईच म्हणायच्या. फक्त पाठीमागे आणि जरा वेगळ्या सुरात.

ती नोकरी सुटली एका खुर्चीपायी. हेडबाईंच्या खुर्चीचा पाय मोडला. त्यांनी नवीन खुर्चीसाठी रीतसर अर्ज केला. चौदा महिन्यांनी अर्ज परत आला, त्यावर शेरा होता: ‘खुर्ची मोडल्याचा पुरावा सोबत जोडावा.’ हेडबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी अर्ज सुतळीनं खुर्चीला बांधला, खुर्चीच्या बैठकीवर ‘जावक’चा शिक्का मारला आणि दोन शिपायांकरवी खुर्ची वरच्या मजल्यावर रवाना केली. तीन महिन्यांनी त्यांनाच नोटीस आली, की आपल्या ताब्यातली एक खुर्ची गहाळ झाली आहे, खुलासा करावा. हेडबाईंनी पहिल्या ओळीत खुलासा केला आणि दुसऱ्या ओळीत राजीनामा दिला. तो राजीनामाही दोनदा गहाळ झाला. तिसऱ्यांदा त्या स्वतः कागद हातात घेऊन सात टेबलांपुढे एकामागून एक उभ्या राहिल्या आणि समोरचा सही करेपर्यंत हलल्या नाहीत. त्या सात टेबलांपुढे उभं राहून राहून पाय भरून आले तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं, की कागद या घडीला कोणाकडे आहे आणि किती दिवस आहे, एवढंच जर कोणी सगळ्यांदेखत सांगितलं, तर निम्मं जग सरळ होईल.

त्यांचा भाचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा, त्याच सुमारास एका बड्या कंपनीतून बाहेर पडला होता. तिथे त्याचं काम मीटिंगमध्ये बसणं एवढंच उरलं होतं. वय चौतीस, बायको-मुलगी असलेला माणूस, पण बोलण्याच्या बाबतीत इतका कंजूष, की स्वतःच्या लग्नालाही त्यानं होकार मान हलवून दिला होता. मावशीची कल्पना त्यानं ऐकून घेतली, मान हलवली, आणि तीन महिन्यांनी लॅपटॉप तिच्यापुढे उघडला. पडद्यावर एका कागदाची एक ओळ. कोणता कागद, कोणाकडे, किती दिवस. वेळेत असेल तर ओळ हिरवी. वेळ टळली की लाल, आणि पुढे ज्याच्याकडे अडला त्याचं नाव.

“मध्ये पिवळा ठेवू का?” भाच्यानं विचारलं.

“पिवळा म्हणजे ‘बघतो’ म्हणणं. एकोणतीस वर्षं मी ‘बघतो’ ऐकलंय. पिवळा नको.”

सॉफ्टवेअरचं नाव ठेवलं ‘कुठंय’.

इमारतीत बातमी पसरायला दुपार पुरली. वरच्या मजल्यावरचे विमावाले काका लगबगीनं खाली आले. आयुष्यभर विमा विकलेल्या माणसाला दुसरा कोणीही काहीही विकायला निघाला की काळजी वाटते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक आहे. पण तुम्ही विकणार काय?”

“हेच.”

“हे म्हणजे, वस्तू काय देणार हातात?”

“हातात काही नाही. पडद्यावर दिसेल.”

काकांनी यजमानांकडे सहानुभूतीनं पाहिलं. “वहिनी, या धंद्याला बाहेर ‘बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट’ म्हणतात. आपल्याकडे ‘व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन’. तेच नाव लावा. कोणाला कळणार नाही, त्यामुळे कोणी शंका घेणार नाही.” समोरच्या दारातल्या ताईंना मात्र कल्पना फार आवडली. यात आपल्या सासूबाईंचा चष्मा सापडेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मग कंपनी नोंदवायचं आलं. नोंदणीच्या कार्यालयात चौदा खिडक्या होत्या. त्यातल्या तीन उघड्या. फॉर्मवर ‘व्यवसायाचं स्वरूप’ असा रकाना होता आणि त्यात चार पर्याय: उत्पादन, विक्री, दुरुस्ती, इतर. हेडबाईंनी ‘इतर’वर खूण केली. खिडकीमागच्या बाईंनी केसांत खोचलेली पेन्सिल काढून त्या खुणेभोवती एक गोल काढला.

“इतरसाठी वेगळा फॉर्म लागतो.”

“द्या.”

“संपलाय. छपाईला गेलाय.”

“कधी गेला?”

“मी या खिडकीवर आले त्याच्या आधी. आणि हे ‘कुठंय’ काय आहे? नाव आहे की चौकशी?”

“नाव आहे. कागद कुठे अडला ते आम्ही शोधून देतो.”

“आमच्याकडे काही अडत नाही,” बाई म्हणाल्या. “प्रोसेसमध्ये असतं.”

“प्रोसेसमध्ये म्हणजे कोणाच्या टेबलावर?”

खिडकी बंद झाली. पाटी लागली, ‘जेवणाची सुटी’. घड्याळात पावणेअकरा झाले होते. हेडबाई त्या बंद काचेपुढे थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. खिडकी ओढून घ्यायची ती पद्धत, मनगटाचा तो झटका, त्यांना चांगला ओळखीचा होता. एकोणतीस वर्षं त्या अशाच खिडकी ओढत आल्या होत्या. बाहेरच्या बाजूनं ते कसं दिसतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पण पश्चात्तापाला त्यांच्याकडे वेळ नव्हता. पुढे पाच खेपा झाल्या. सहाव्या खेपेला त्यांनी ‘दुरुस्ती’वर खूण केली आणि कागद आत सरकवला. त्यामुळे दफ्तरी नोंदीप्रमाणे ही कंपनी आजतागायत दुरुस्तीचं दुकान आहे, आणि पहिल्या वर्षी दोघंजण मिक्सर घेऊन आले होते.

ऑफिससाठी खोली मिळाली ती टेलरमास्तरांच्या दुकानावर. लोखंडी जिना, एक खिडकी, दोन टेबलं, एक छताचा पंखा. टेलरमास्तर सज्जन माणूस. दहा घरमालकांनी ‘कंपनी काय करते’ हा प्रश्न विचारून दार लावलं होतं. यांनी फक्त खोलीची मापं सांगितली. उपकाराची फेड म्हणून हेडबाईंनी ‘कुठंय’ पहिल्यांदा त्यांच्याच दुकानात फुकट लावून दिलं. माप, कापणी, शिलाई, काजं-बटणं, इस्त्री, अशा पाच पायऱ्या. पडदा दर्शनी भिंतीवर, म्हणजे गिऱ्हाइकालाही आपली पँट कुठंय ते दिसावं.

आठवड्याच्या आत भिंतीवर तेवीस पँटी लाल झाल्या. सगळ्या कापणीत. कापणी करणारे एकटे टेलरमास्तर.

“कात्री चालवायला मूड लागतो,” मास्तर म्हणाले. “हे काय काजं-बटणं आहेत?”

“मग गिऱ्हाइकांना तसं सांगा.”

“गिऱ्हाइकांना सांगायचं असतं तर मूड कशाला लागला असता?”

त्या संध्याकाळी मास्तरांनी वरच्या खोलीतला पंखा काढून खाली नेला. धुवायला नेतोय म्हणाले. तो पंखा पुढे सात महिने धुतला जात होता.

पण लाल झालेल्या त्या तेवीस पँटींतली एक होती पंपांच्या कारखान्याच्या मालकांची. मालक म्हणजे उंच, रुंद, आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. त्यांनी भिंतीवर टेलरमास्तरांचं नाव लाल रंगात तेवीस वेळा वाचलं आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत वर आले.

“वा! त्या मास्तरला असं कोणीतरी दाखवायलाच पाहिजे होतं. बाई, हे माझ्या कारखान्यात लावा. ऑर्डर आल्यापासून काम सुरू व्हायला एक्केचाळीस दिवस लागतात. माणसं झोपलीत सगळी. कोण झोपलंय ते मला बघायचंय.”

कंपनीचं पहिलं मोठं काम! हेडबाईंनी कडक इस्त्रीची साडी नेसली, भाच्याला बूट घालायला लावले, आणि दोघंजण सहा आठवडे कारखान्यात एका कागदाच्या मागे मागे हिंडले. खरोखरच हिंडले. कागद हलला की हेडबाई हलायच्या, कागद थांबला की त्या शेजारी स्टुलावर बसायच्या. लोक आधी दचकले, मग चहा विचारू लागले, आणि शेवटी आपल्या शेजारच्या टेबलाबद्दल खाजगीत सांगू लागले.

सहाव्या दिवशी कागद एका रिकाम्या टेबलावर जाऊन पडला. टेबल स्वच्छ पुसलेलं, पेन स्टँडमध्ये, खुर्ची आत सारलेली. तीन दिवस कोणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी कारखान्यातला जुना शिपाई आला आणि कागद उचलून निघाला.

“हे कोणाचं टेबल?” हेडबाईंनी विचारलं.

“तपासणी साहेबांचं.”

“ते कुठे आहेत?”

“निवृत्त झाले. सहा वर्षं झाली.”

“मग कागद इथे का ठेवता?”

शिपायानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की कार्यालयात काम केल्याचं सांगणारी बाई असं कसं विचारते. “साहेब प्रत्येक कागद तीन दिवस ठेवायचे. मीही तीनच ठेवतो. एक दिवस जास्त नाही.”

हेडबाईंना त्या माणसाबद्दल इतका आदर वाटला, की त्याला रागवायचं त्यांच्या जिवावर आलं. सहा वर्षांत न चुकता पाळलेली शिस्त त्या कारखान्यात एवढीच होती.

तीन दिवस इथे, दोन दिवस तिथे, चार दिवस दोन विभागांच्या भांडणात. पण मोठा मुक्काम अजून पुढेच होता. कागद मालकांच्या केबिनमध्ये गेला, आणि उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये शिरला, तो अकरा दिवस बाहेर आला नाही. दुसरा कागदही तसाच. तिसराही. स्टोअरचे मॅनेजर हेडबाईंना जिन्यात गाठून हळूच म्हणाले, “बाई, आमचं सगळ्यांचं दाखवा. माझं तर ठळक अक्षरात दाखवा. पण तेवढं एक दाखवू नका.”

दाखवण्याचा दिवस आला. सभागृहात सगळ्या विभागांची माणसं बसलेली, मालक हातात छडी घेऊन पडद्याशेजारी उभे. “आज कळेल कोण झोपलंय ते,” ते म्हणाले, आणि भाच्यानं पडदा उघडला. वरच्या चार-पाच ओळी हिरव्या होत्या. मग लाल सुरू झाला. मालकांनी छडीनं पहिलं नाव दाखवलं आणि मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. त्याच्या खालचंही. त्याच्याही खालचं. छडी एक-एक ओळ उतरत चौदाव्या नावापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. स्टोअरच्या मॅनेजरांना खोकल्याची उबळ आली. मागच्या रांगेत कोणीतरी रुमाल तोंडात कोंबला.

“मशीन बिघडलंय,” मालक म्हणाले.

“नाही,” भाचा म्हणाला. कारखान्यात घालवलेल्या सहा आठवड्यांतलं त्याचं हे सगळ्यांत मोठं भाषण.

पाच मिनिटांनी तिघं केबिनमध्ये बसले होते. मालकांनी आवाज खाली आणला होता, म्हणजे तो फक्त बाहेरच्या पॅसेजपर्यंत जात होता.

“बाई, काम छान आहे. मी घेतो. माझ्या ओळखीच्या सात कारखान्यांना सांगतो. फक्त एक करा. माझं नाव कायम हिरवं दिसू दे.”

“का?”

“मी मालक आहे म्हणून.”

हेडबाईंनी भाच्याकडे पाहिलं. भाचा नाइलाजानं म्हणाला, “एका ओळीचं काम आहे.”

“ऐकलंत? एक ओळ!” मालक खूष झाले.

हेडबाई उठल्या. त्यांनी पदर खांद्यावर नीट केला. रागावल्या की त्या आधी पदर नीट करतात हे भाच्याला माहीत होतं, त्यामुळे त्यानं लॅपटॉप मिटून पिशवीत घातलासुद्धा.

“साहेब, तुमचा शिपाई रिकाम्या टेबलावर कागद ठेवतो, त्याची ओळ लाल आहे. तो बिचारा तीन दिवस पाळतो. तुम्ही अकरा दिवस ठेवता आणि तुमची हिरवी? मग या पडद्याचा उपयोग काय? भिंतीला रंग लावून घ्या. हिरवा. आमच्यापेक्षा लवकर होईल. लालचं हिरवं होणार नाही.”

आणि त्या बाहेर पडल्या. पॅसेजमध्ये स्टोअरचे मॅनेजर भिंतीला चिकटून उभे होते. त्यांनी नमस्कार केला.

घरी हे कळल्यावर सल्ल्यांना पूर आला. विमावाले काका म्हणाले, “अहो वहिनी, आम्ही माणसाला ‘तुम्ही उद्या मराल’ असं सांगून विमा विकत नाही. ‘काही झालंच तर’ म्हणतो. तुम्हीही ‘थोडंसं लालसर’ म्हणायचं.” समोरच्या ताई म्हणाल्या, “हिरवं करून टाकायचं हो. माझ्या नवऱ्याला मी रोज हिरवंच दाखवते.” जाऊबाईंनी फोन करून सांगितलं की हेडपणा घरात चालतो, बाजारात नाही. यजमान रंगांच्या बाबतीत जाणकार, ते म्हणाले, “लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळले की करडा होतो. करडा कोणालाच लागत नाही.”

“मिसळायचेच कशाला?” हेडबाई म्हणाल्या.

मालक गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी त्या सात कारखान्यांना खरंच सांगितलं, फक्त उलटं. ठरलेल्या दोन भेटी रद्द झाल्या. मग त्यांचं कडक पत्र आलं: आमच्या कारखान्याची माहिती तुमच्याकडे आहे, ती पुसल्याचं लेखी द्या आणि सभागृहात झालेल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करा. हेडबाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाल्या, “याला असं उत्तर देते, की जन्मभर कपाटात ठेवतील.”

आता कंपनीकडे गिऱ्हाईक म्हणून फक्त टेलरमास्तर उरले होते, आणि तेही आता पडद्यावर धोतराचं कापड टाकून ठेवायचे. पंखा नसलेल्या खोलीत मावशी उत्तराचे मसुदे करायची आणि भाचा समोर बसून काहीतरी टाइप करत राहायचा. असे दिवसामागून दिवस गेले. एका दुपारी त्यानं लॅपटॉप वळवून मावशीपुढे केला.

“हे काय?”

“आपलं ऑफिस. मी आपल्यालाही लावून बघितलं.”

पडद्यावर बारा ओळी होत्या. बँकेचा फॉर्म, वीजजोडणीचा अर्ज, भाच्याच्या दोन दिवसांच्या रजेचा अर्ज, एका शाळेनं पाठवलेली चौकशी, कारखान्याच्या मालकांचं पत्र. एक ओळ हिरवी होती, बाकी अकरा लाल. अकराही ओळींपुढे एकच नाव होतं: हेडबाई.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून अकराही ओळी एकेक करून वाचल्या. खाली टेलरमास्तरांचं मशीन चालू होत होतं, बंद होत होतं.

“रजेचा अर्ज मी मंजूर केला होता,” त्या शेवटी म्हणाल्या.

“तोंडी. सही राहिली. ती रजा होऊन गेली, मावशी.”

“आणि या शाळेची चौकशी? गिऱ्हाईक चालून आलंय आणि मी…”

“नऊ दिवस.”

“मालकांचं उत्तर लिहितेय ना मी! सातवा मसुदा आहे. नीट नको का व्हायला?”

भाच्यानं नुसता लॅपटॉप आणखी जवळ सरकवला. बोलण्यासारखं पडद्यावर होतंच. हेडबाईंच्या मानेपासून कानापर्यंत सगळं तापलं. खुर्ची गहाळ झाल्याची नोटीस आली होती तेव्हाही इतका अपमान वाटला नव्हता. तेव्हा निदान खोटं तरी होतं. एक क्षण, फक्त एकच क्षण, त्यांच्या ओठांवर आलं, की अरे, हे तू घरातलं माणूस म्हणून… एका ओळीचं तर काम आहे. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग पदर नीट केला.

“खाली मास्तरांकडे तो पडदा धोतराखाली पडून आहे ना? वर आण. जिन्याच्या दारात लाव. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे.”

“हे लावू?”

“हेच लाव. जसंच्या तसं.”

दुसऱ्या दिवसापासून टेलरमास्तरांची गिऱ्हाइकं माप देऊन झालं की जिना चढून हेडबाईंचं लाल नाव वाचून जाऊ लागली. मास्तर स्वतः तर दिवसातून तीनदा यायचे, आणि प्रत्येक वेळी ताजेतवाने होऊन खाली जायचे. विमावाले काका ऐकून धावत आले; वहिनींची तब्येत ठीक आहे ना, असं त्यांनी यजमानांना बाजूला घेऊन विचारलं. हेडबाई मान ताठ ठेवून काम करत राहिल्या. शाळेला फोन केला. रजेच्या अर्जावर सही केली. पाच दिवसांत दहा ओळी हिरव्या झाल्या. राहिली एक. मालकांच्या पत्राचं उत्तर काही केल्या हातून सुटत नव्हतं.

सहाव्या दिवशी जिना दणाणला.

“बाई! सतरा दिवस झाले माझ्या पत्राला! उत्तर कुठे आहे?” मालकांचा आवाज त्यांच्या आधी वर पोचला. मागून ते पोचले, आणि दारातच त्यांना पडदा दिसला. ‘कारखान्याच्या मालकांचं पत्र. हेडबाईंकडे. दिवस १७.’ लालभडक.

मालकांनी ते दोनदा वाचलं. “हे कोणी केलं?”

“माझ्या भाच्यानं.”

“आणि तुम्ही ठेवलंत? दारात?”

“खरं आहे म्हणून ठेवलं.”

“तुमचीच कंपनी, तुमचाच भाचा. एका ओळीचं काम होतं.”

“तुम्हाला करून दिलं नाही, ते स्वतःला कसं करून देऊ?” हेडबाई म्हणाल्या. “बसा. पंखा नाहीये, धुवायला गेलाय.”

मालक बसले. एवढा मोठा माणूस त्या लहान खुर्चीवर अवघडून बसला. मग एकदम निराळ्याच आवाजात, जो फक्त त्या खोलीपुरता होता, त्यांनी विचारलं, “एवढे दिवस का ठेवलंत पत्र?”

“नीट जमत नव्हतं. पाठवलं आणि त्यात काही चुकलं तर?” हेडबाईंना हे मोठ्यानं बोलल्यावरच कळलं. “हातात आहे तोवर चुकत नाही.”

“माझंही तेच आहे हो,” मालक म्हणाले. “वडील गेले, कारखाना माझ्या अंगावर आला. पहिल्याच वर्षी मी एक सही केली आणि तीनशे पंप परत आले. तेव्हापासून… सही केली की ते माझं होतं. ड्रॉवरमध्ये आहे तोवर कोणाचंच नसतं. अकरा दिवस मीच बघतो रोज उघडून.”

भाच्यानं चहा मागवला. चहा येईपर्यंत हेडबाईंनी मालकांना वारा घ्यायला एक पुठ्ठा दिला.

चहा प्यायल्यावर मालकांना आपला मूळ आवाज सापडला. “लावा परत. पण लाल जरा फिकट करा.”

“नाही.”

“नावाऐवजी नुसतं ‘व्यवस्थापन’ लिहा.”

“नाही.”

“अक्षरं तरी बारीक?”

“शिपायाची जेवढी, तेवढीच तुमची.”

“काय बाई आहात! मग एक ऐका. पडदा माझ्या केबिनमध्ये लावू नका. आत लावलात तर मी त्यावर कोट टांगेन. बाहेर लावा, सगळ्यांसमोर. आणि त्या शिपायाला तुम्हीच समजावा. मी सांगितलं तर त्याला वाटेल, मी तपासणी साहेबांचा अपमान करतोय.”

“समजावते. आता हे घ्या.” हेडबाईंनी सातवा मसुदा काढला, त्यावर तिथल्या तिथे सही केली आणि पुढे केला. पडद्यावरची शेवटची ओळ हिरवी झाली. मालकांनी पत्र उभ्या उभ्याच वाचलं. कपाळावर आठ्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. दिलगिरीचा त्यात शब्दही नव्हता. उलट ‘माणसं झोपलीत’ म्हटल्याबद्दल मालकांनी शिपायाकडे दिलगिरी व्यक्त करावी, अशी तिसऱ्या परिच्छेदात मागणी होती.

ते पत्र खिशात घालून जिना उतरू लागले. मधल्या पायरीवर थांबून वर ओरडले, “तिसरा परिच्छेद मला मान्य नाही!”

“लेखी कळवा!” हेडबाई दारातून म्हणाल्या.

“किती दिवसांत?”

“तीन. चौथ्या दिवशी तुमचं नाव इथे लाल लागेल.”

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, सहीशिक्क्यासकट. सोबत कामाचा करार होता, आणि हेडबाईंचं स्वतःचं पत्र परत जोडलेलं होतं. त्यातल्या चार शब्दांभोवती मालकांनी लाल शाईनं गोल काढले होते: शुद्धलेखनाच्या चुका. हेडबाईंनी शब्दकोश काढला. तीन चुका खऱ्या होत्या. त्या त्यांनी मुकाट्यानं दुरुस्त केल्या. चौथा शब्द त्यांनी दोन वेगवेगळ्या कोशांत पाहिला, यजमानांना विचारला, त्यांच्या शाळेतल्या मराठीच्या एका जुन्या बाईंना फोन केला, आणि त्याच दुपारी मालकांना दोन पानी पत्र लिहिलं, की हा शब्द मी लिहिला तसाच बरोबर आहे, आणि शंका असेल तर कारखान्यातल्या कोणालाही विचारावं, फक्त स्टोअरच्या मॅनेजरांना सोडून, कारण ते तुम्हाला घाबरतात.